हरणांसाठी ओढलेली लाइन

माझी शेवटची पोस्टिंग बोरिवली पूर्व. हुकूम कोणी काढला नव्हता. बावीस वर्षं फौजेत नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागलो आणि जंगलाच्या कडेला बैठ्या चाळीत खोली मिळाली. नऊ खोल्या, आमची शेवटची. पुढे कच्चा रस्ता, मागे मोरी. मोरीच्या पाठीमागे दहा पावलं मोकळी जागा. मग करवंदीच्या जाळ्या आणि तिथून नॅशनल पार्कचं जंगल सुरू. मध्ये भिंत नव्हती.

मी सातवीपर्यंत शिकलो. पलटणीत लाइनमन होतो. लाइनमन म्हणजे कंपनी हेडक्वार्टरपासून पुढच्या पोस्टपर्यंत टेलिफोनची वायर टाकणारा, आणि ती तुटली की जाऊन जोडणारा. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक. माझ्या हातात बंदुकीपेक्षा पक्कड जास्त वेळ होती.

शेवंती माझी बायको. मालवणच्या बाजूची. माझ्या नोकरीची सगळी वर्षं ती गावी राहिली. वर्षाला दोन महिने सुट्टी, तेवढाच संसार. मूलबाळ झालं नाही. एका छपराखाली रोज राहणं आम्ही बोरिवलीतच शिकलो. पहिल्या वर्षी भांडणं फार झाली. मी तिला प्रत्येक कामाची वेळ सांगायचो आणि ती मला सांगायची, "ही तुमची पलटण न्हय."

तिची एक रीत होती. सकाळची पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिचा चौथा भाग गायीचा. गावी गोठा होता, तिथे ठीक होतं. चाळीत गाय कुठली? देवळापाशी एक बाई गाय घेऊन बसायची, पण ती नऊ वाजता. शेवंतीला नऊचं चालत नव्हतं. माझी ड्यूटी सातची, म्हणून तिचा स्टोव्ह साडेपाचला पेटायचा, आणि गायीच्या आधी माणसाने खायचं नाही. मग ती तो तुकडा मागच्या कपडे धुवायच्या दगडावर ठेवायला लागली. वर चिमूटभर मीठ.

मी म्हटलं, "कुत्री खातील."

ती म्हणाली, "कोण चार पायांचा येयत, तेचा."

दोन वर्षं कुत्र्यांनीच खाल्लं. मग एका डिसेंबरात हरण आलं. चितळ, मादी. दिवाळीनंतर आतलं गवत वाळतं. आमच्या मोरीच्या पाण्यावर मात्र मागे हिरवं टिकून असायचं. बहुतेक त्यासाठी आली असणार. गवत खाल्लं, मग दगडाशी आली, भाकरी हुंगली आणि मीठ चाटलं. चार मिनिटं थांबली असेल. दुसऱ्या दिवशी दोन आल्या.

तेव्हापासून दर थंडीत ती यायची. कधी तीन, कधी पाच. होळीच्या आसपास बंद व्हायची.

फौजेत पहाटे आणि संध्याकाळी स्टँड-टू असतो. उजेड-अंधाराच्या वेळी हल्ला होण्याची शक्यता जास्त, म्हणून सगळ्यांनी आपापल्या जागी तयार उभं राहायचं. पेन्शनवर आलो तरी ती सवय सुटली नाही. पावणेसहाला मी चहाचा कप घेऊन मागच्या खिडकीशी उभा असायचो. शेवंती भाकरीचा तुकडा ठेवून आत यायची आणि माझ्या शेजारी उभी राहायची. बोलायचं नाही. हरणं गेली की मी वहीत लिहायचो. ०५५५, तीन. ०६१०, दोन, एक पिल्लू. काही आलं नाही तर निल. तिला ही वही आवडायची नाही. म्हणायची, "पाव्हण्यांचो हिशोब ठेवतत काय?"

शेजारच्या खोलीत बनसोडे राहायचा. कराडकडचा, वर्कशॉपमध्ये फिटर. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तोंडाचा फटकळ, पण हाकेला धावणारा. त्याला हरणांची भीती नव्हती, हरणांच्या मागून येणाऱ्याची होती. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

"हवालदार, आमच्या वहिनी हरणांना भाकरी घालतात. उद्या वाघ येईल, त्याला काय घालणार? मला?"

शेवंती आतून म्हणायची, "तू कडू लागशील रे त्याका."

शहाऐंशीच्या पावसाळ्यात शेवंतीच्या पोटात दुखायला लागलं. दोन महिने हॉस्पिटलात होती. पोट उघडलं आणि तसंच शिवलं. डॉक्टर तरुण होता. मला बाहेर बोलावून इंग्रजीत सुरुवात केली. मी म्हटलं, साहेब, सरळ सांगा, किती दिवस? तो म्हणाला, होळीपर्यंत जाणं कठीण आहे. घरी न्या. दिवाळीच्या आधी मी तिला घरी आणली. नोकरी सोडली.

तिला तिचं सगळं माहीत होतं. मला काही सांगावं लागलं नाही. तिने कशाचाच हट्ट धरला नाही. गावी न्या म्हणाली नाही, कोणाला बोलवा म्हणाली नाही. नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी म्हणाली, "माका एकदा हरणा बघूची हत. चरताना."

"दाखवतो," मी म्हटलं.

हे दिसतं तितकं सोपं नव्हतं. तिची खाट पुढच्या दाराशी होती, कारण तिथे वारा होता. मागची खिडकी आठ पावलांवर. तिला धरून बसवलं तर पाच मिनिटं बसायची, मग पोटातली कळ उठायची. हरणं पावणेसहा ते साडेसहा कधीही यायची आणि चार मिनिटांत जायची. आधीपासून तिला खिडकीशी बसवून ठेवणं शक्य नव्हतं. हरणं दिसल्यावर मी खाटेकडे जाऊन तिला उचलून आणायचो, तोवर मागचं अंगण रिकामं. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी तिला एका मादीचा मागचा पाय दिसला, जाळीत शिरताना. म्हणाली, "एक पाय इलो वाट्याक." हसली. हसल्यावर कळ आली.

मी विचार केला. मला हरणं दगडापाशी पोचण्याआधी कळायला हवं होतं, म्हणजे दोन मिनिटं जास्त मिळाली असती. हे काम मला येत होतं. पोस्टच्या पुढे आम्ही वायर बांधून तिला रिकामे डबे लटकवायचो. दुश्मन अडखळला की डबे वाजतात.

पेन्शनवर येताना जुन्या टेलिफोन केबलचं भेंडोळं मी घरी आणलं होतं. कपडे वाळत घालायला. त्या केबलमध्ये तांब्याच्या तारांबरोबर पोलादाच्या तारा असतात. हाताने तुटत नाही. ती मी करवंदीच्या जाळीपासून मोरीच्या कोपऱ्यापर्यंत ओढली, वीतभर उंचीवर. एक टोक लोखंडी खुंटीला. दुसरं टोक खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून आत आणून पत्र्याच्या डब्याला. डब्यात खडे टाकले नाहीत, चिंचोके टाकले. आवाज आत माझ्यापुरता व्हावा, बाहेर जाऊ नये म्हणून. डब्यावर फडकं गुंडाळलं.

बनसोडे कमरेवर हात ठेवून बघत होता. "बॉर्डर कुठवर आली म्हणायची, हवालदार? मोरीपर्यंत?"

"गप रे. ते टोक धर."

"आमच्या हिची कपडे वाळत घालायची सोय झाली. झकास."

पहिल्या सकाळी डबा वाजला. मी शेवंतीला उचलून खिडकीशी नेली. कुत्रं होतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा कुत्रं. ती म्हणाली, "कुत्रो मी बघितलंय." आठ पावलं परत खाटेवर नेताना तिला घाम फुटला होता. दर वेळी असं उचलणं तिला झेपणारं नव्हतं.

मी वायर वर घेतली. कुत्रं खालून जाईल, हरणाच्या छातीला लागेल, अशी. पण वायर उंचावली की मध्ये झोळ पडतो. झोळ राहिला तर धक्का डब्यापर्यंत पोचत नाही. म्हणून मी ती ताणली. लाइनमनला पहिल्या दिवशी शिकवतात की लाइनला ढील ठेवायची. ताणलेली लाइन जमिनीपासून उचलली जाते, तोफगोळ्याची एक ठिकरी लागली की तुटते. ढील दिलेली जमिनीला चिकटून पडते, धक्का बसला तर सरकते. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. तरी ताणली. खुंटी दोन फूट आत ठोकली.

चौथ्या सकाळी, सहा वाजून दोन मिनिटांनी डबा वाजला. एकदा नाही, सारखा वाजत राहिला. मी शेवंतीच्या गुडघ्यांखाली हात घातला आणि उचललं. भरलेला पिठ्ठू पाठीवर घेऊन आम्ही वीस वीस मैल चालायचो. ती त्या पिठ्ठूपेक्षा हलकी झाली होती.

खिडकीशी पोचलो. माद्या गेलेल्या होत्या. एकटा नर होता, मोठा. शिंगांवर अजून केसाळ साल होती. त्याने गवतासाठी मान खाली घातली असणार आणि वर करताना वायर शिंगात अडकली असणार. तो मागे ओढत होता, उड्या मारत होता. प्रत्येक उडीबरोबर वायरचा आणखी एक फेरा शिंगाला पडत होता. खुंटी हलत नव्हती. मी ठोकलेली. आतला डबा ओढला जाऊन चौकटीत अडकला होता आणि चिंचोके जमिनीवर सांडले होते. शिंगाची साल फाटून रक्त त्याच्या डोळ्यात येत होतं. तो ओरडला. हरण असं ओरडतं, हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

चाळीतली कुत्री जागी झाली.

शेवंती माझ्या हातात होती. म्हणाली, "माका खाली ठेवा. जावा."

"तुला दिसणार नाही मग."

"ठेवा म्हणतंय ना!"

मी तिला चटईवर, भिंतीला टेकवून ठेवलं. पक्कड घेतली. मागचं दार उघडून बाहेर गेलो. ओरडलो, "बनसोडे! गोणपाट!"

बनसोडे लुंगीवर बाहेर आला. गोणपाट होतं त्याच्या हातात. "अरे देवा. वाट लागली याची."

"डोक्यावर टाक. डोळे झाक."

"मला शिंग मारेल ना!"

"टाक!"

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा बसलं. बनसोडे त्याच्या मानेवर आडवा पडला. डोळ्यांपुढे अंधार झाल्यावर जनावर थोडं थांबलं. अंग मात्र थरथरत होतं, मशीन चालू असल्यासारखं. मी खुंटीच्या बाजूने वायर तोडली. मग शिंगापाशी गेलो. फेरे सालीत रुतले होते. दोन तोडले. तिसऱ्याला पक्कड लावली तेव्हा त्याने लाथ झाडली. माझ्या गुडघ्यावर बसली. मी पडलो. बनसोडे बाजूला फेकला गेला. नर उठला, गोणपाट घेऊन चार पावलं धावला, ते झटकलं आणि करवंदीतून निघून गेला. हातभर वायर शिंगाला लोंबत होती.

सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. सात मिनिटं.

मी वळलो. शेवंती उंबरठ्यापर्यंत सरपटत आली होती. दाराची चौकट धरून बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं. मी तिला उचलायला वाकलो. ती म्हणाली, "माका चरताना बघूची होती. ह्यां कित्याक दाखवलात?"

मी तिला उचलून खाटेवर ठेवलं.

त्याच दिवशी वायर काढली. खुंटी उपटायला बनसोडे आणि मी दोघं लागलो. दगडावरचं आणि मातीवरचं रक्त धुतलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या भाकरीचा चौथा भाग मी पुन्हा ठेवला. ती आजारी पडल्यापासून भाकऱ्या मी करायचो, त्या जाड व्हायच्या. मीठ ठेवलं. पावणेसहाला उभा राहिलो.

निल.

शेवंती खाटेवरून विचारायची, "इली काय?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी नाही. हरणं त्या अंगणाला घाबरली होती. मी हे जाणून होतो. तीही जाणून होती, तरी रोज विचारायची. मी रोज खरं सांगायचो. आठव्या दिवसानंतर तिचा आवाज इतका बारीक झाला की मला खाटेजवळ जाऊन कान लावावा लागायचा. तेच दोन शब्द. इली काय?

बनसोडेची बायको सकाळी पेज घेऊन यायची. तिने घरी सांगितलं असावं. दहाव्या दिवशी बनसोडे मला मोरीपाशी गाठून म्हणाला, "हवालदार, एकदा आली म्हणून सांगा की. काय जातंय तुमचं?"

"खोटा रिपोर्ट मी देत नाही."

"कोण विचारतंय रिपोर्ट? बायको विचारतीय."

मग मी त्याला गणपतची गोष्ट सांगितली. ती आधी कोणाला सांगितली नव्हती.

लान्स नायक गणपत घाग. माझ्या लाइन पार्टीतला, वय चोवीस. आवाज चांगला होता, भजनात पुढे असायचा. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेकडे आमची कंपनी एका गावाच्या पुढे होती. दुपारी शेलिंग सुरू झालं आणि पुढच्या पोस्टचा फोन मेला. मी हँडल फिरवतोय, "हॅलो टू, हॅलो टू," काही नाही. कंपनी कमांडर म्हणाले, लाइन जोडा. पाळी गणपतची होती. तो हातात वायर धरून वाकून धावत गेला. दीडशे यार्डांवर त्याने तुटलेली जागा पकडली, जोड मारला. माझा फोन वाजला. उचलला तर पलीकडून गणपतच. त्याने टेस्ट सेट, म्हणजे लाइन तपासायचा छोटा फोन, लावला होता. म्हणाला, "लाइन ओके, उस्ताद." त्यानंतर शेल पडलं.

मी त्याला ओढून आणलं. पोटात लागलं होतं. चाळीस मिनिटं जिवंत होता.

कंपनी कमांडरने त्याच्या आईला पत्र लिहिलं. तुमचा मुलगा जागच्या जागी गेला, त्याला यातना झाल्या नाहीत. मी ते पत्र ऐकलं आणि मला राग आला. फौजेत माणूस खोट्या रिपोर्टने मरतो. पुढे पाच दुश्मन असताना तीन सांगितले तर तुमचा सेक्शन जातो. हे शिकवणारे साहेबच खोटं लिहितात, असं मला वाटलं. पुढच्या सुट्टीत मी गणपतच्या गावी गेलो. संगमेश्वरच्या आत, डोंगरात. त्याची आई अंगणात भात कांडत होती. मी तिला सगळं खरं सांगितलं.

तिने विचारलं, "चाळीस मिनिटं काय करत होता तो?"

"बोलत होता. पाणी मागत होता."

"दिलंत?"

"नाही. पोटात जखम असली की पाणी द्यायचं नसतं. नियम आहे."

ती आत गेली. मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी प्यालो आणि निघालो.

बनसोडेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हवालदार, तुम्ही खरं बोलता. पण दगड मारल्यासारखं बोलता." आणि कामावर गेला.

बाराव्या सकाळी मी नेहमीसारखा उभा राहिलो. थंडी त्या दिवशी बरी होती, तोंडातून वाफ येत होती. मुंबईत असे दिवस थोडेच. दगडावर भाकरी आणि मीठ. करवंदीत हालचाल नाही. सहा वाजले. सहा-दहा झाले. खाटेवरून आवाज आला नाही. मी वळून बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते, पण ओठ हलले. ते दोन शब्द.

मी खिडकीकडे तोंड केलं. अंगण रिकामं होतं. मी म्हटलं, "इली."

खाट करकरली. "किती?"

"पाच." मग मी थांबलो नाही. पुढच्या पोस्टवरून टेलिफोनवर जसं सांगतात तसं सांगत गेलो. डाव्या बाजूने येतायत. पुढे मोठी मादी. थांबली. कान हलवते. मागे दोन, त्यांच्या मागे पिल्लू. पिल्लाने मोरीच्या पाण्यात पाय घातला. आता गवताला लागली. मोठी दगडाकडे येते.

"भाकरी खाल्लान?"

"हुंगली. नाही खाल्ली. माझी भाकरी जाड आहे. मीठ चाटते."

तिने श्वास सोडला. हसली असावी. मग म्हणाली, "शिंगवालो?"

मला हे अपेक्षित नव्हतं. "आहे. मागे उभा आहे, जाळीपाशी."

"वायर?"

"नाही. सुटली. बरा आहे तो. पुढे येतोय. मान खाली घातली."

"चरता?"

"चरतोय."

"मगे गप रवा," ती म्हणाली. "खांव दे तेका."

मी गप्प राहिलो. रिकाम्या अंगणाकडे बघत चार मिनिटं उभा होतो. घड्याळ लावून, चार. तेवढा वेळ हरण थांबतं. मग म्हटलं, "गेली." ती झोपली होती. किंवा झोपल्यासारखी होती. तिने माझं ऐकलं की मला ऐकवू दिलं, हे मला सांगता येणार नाही. बावीस वर्षं पत्रांवर संसार केलेली बाई. माझं खोटं तिला कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

दुपारी दोन-चाळीसला ती गेली. बनसोडेची बायको जवळ होती. मी होतो. पाणी मागितलं तिने, ते दिलं.

वहीत त्या तारखेपुढे मी निल लिहिलं आहे.

त्या थंडीत हरणं परत आली नाहीत. पुढच्या डिसेंबरात आली. दोन माद्या, मग आणखी. नर ओळखू आला नाही. शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, असं जंगलखात्याच्या गार्डने मला नंतर सांगितलं. म्हणजे जिवंत असला तर वायर शिंगाबरोबर गळाली असेल. असला तर.

मी खोटा रिपोर्ट दिला, याची मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची वाटायला लागली. बनसोडेला मी गणपतची गोष्ट सांगितली तेव्हा त्यात एक गोष्ट सांगितली नव्हती. गणपतच्या आईलाही सांगितली नव्हती. तिच्या अंगणात उभा राहून चाळीस मिनिटांचा हिशोब दिला, पाण्याचा नियम सांगितला, आणि मी खरं बोलणारा माणूस म्हणून छाती पुढे काढून परत आलो. तेवढीच एक गोष्ट गिळली. हरणाच्या शिंगातून रक्त येताना मला ती आठवली होती, म्हणून गुडघ्याला लाथ बसेपर्यंत माझ्या हातांना तिसरा फेरा तुटत नव्हता.

पुढच्या मे महिन्यात मी संगमेश्वरला गेलो. एस. टी. स्टँडपासून चालत. घर तिथेच होतं, दाराला कुलूप. शेजारचा म्हणाला, म्हातारी जाऊन चार वर्षं झाली. कोण आपण? मी म्हटलं, तिच्या मुलाबरोबर होतो. त्याने बसायला सांगितलं, मी बसलो नाही.

ते सांगायला आता तिथे कोणी नाही, म्हणून इथे लिहितो. लान्स नायक गणपत घाग जी लाइन जोडायला गेला ती त्या सकाळी मी टाकली होती. केबल कमी पडत होती आणि परत जाऊन नवं भेंडोळं आणायचा मला कंटाळा आला. मी ती ताणून पोचवली. ढील ठेवली नाही. ती जमिनीवर पडली असती तर बहुतेक तुटली नसती, आणि तो गेला नसता.